सूप निवेपर्यंत

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. फोनवर तू "हं, बरं, ठेवतो" एवढ्यात माझी बोळवण करतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला नुसतं हं म्हणून भागत नाही, चार ओळी तरी खरडाव्या लागतात.

सोबत तुझ्या स्वयंपाकघरासाठी केलेला तक्ता आहे. पाहून दचकू नकोस, मागे तोंडी सांगितलं होतं तेच त्यात आहे. सूप उकळलं की सगळे जंतू मेले असं आपण धरून चालतो. पण त्यांतली एक जात टणक कवच करून आत बसते आणि उकळीतूनही वाचते. सूप निवत निवत हाताला सोसेल इतकं झालं की ती जागी होते आणि दर दहा-बारा मिनिटांनी एकाचे दोन होत जातात. वास येत नाही, चव बिघडत नाही. तिथे तुझं नाकही हरतं. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही याचंच गणित मांडतो. अन्न अमुक अंशांवर अमुक तास राहिलं तर जंतू किती वाढतील, हे आधीच सांगायचं. कुणी आजारी पडेपर्यंत वाट पाहायची नाही.

तक्त्यात डावीकडे तास आहेत, वर अंश. आकडा हिरव्या चौकोनात पडला तर दुसऱ्या दिवशी गरम करून वाढायला हरकत नाही. पिवळ्यात पडला तर खळखळून उकळी आणायची. लाल आला तर ओतून टाकायचं, मग तुझा जीव कितीही तुटो. तुझ्या वृद्धनिवासात एकशेवीस म्हातारी माणसं जेवतात. आपण दिवसभर पोट धरून बसू आणि सुटू, त्यांना ते झेपायचं नाही.

एक अडचण आहे. तुझ्या दोन महिन्यांच्या नोंदी मी गणितात घातल्या आणि गणित काही बसत नाही. चाळीस लिटरचं खोल पातेलं फ्रीजमध्ये ठेवण्याइतकं निवायला माझ्या हिशेबाने सात-आठ तास लागायला हवेत. तुझं साडेतीन तासांत निवतं. तू उथळ ट्रे वापरत नाहीस (फ्रीजमध्ये जागा नाही, हे शंभर वेळा ऐकलं आहे). थर्मामीटर मीच तपासून दिला होता. मग हे कसं? मोरीजवळची मोठी खिडकी उघडी असते का? वारा येतो का? नीट बघून लिही.

तुझी चिमणी (वय वर्षे चव्वेचाळीस)

११ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी काय लिहायचे. तक्ता भिंतीवर लावला. बदलीवर येणारी आचारीण म्हणाली, "दादा, आता आपली शाळा भरली म्हणायची." रंग मात्र तिला आवडले. आकड्यांपेक्षा रंग बरे, चष्मा शोधावा लागत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खिडकी उघडी असते. सकाळी आलो की आधी ती उघडतो, मग चुली. वारा इतका येतो की नोंदवहीची पानं उडतात म्हणून तिच्यावर डाव ठेवावा लागतो. माझी पद्धत तुला माहीत आहे, तरी लिहितो. दुपारची जेवणं उरकली की उद्याचं सूप करतो. पातेलं उतरवतो, खिडकीजवळच्या लोखंडी तिवईवर ठेवतो, थर्मामीटर काठाला अडकवतो, दर तासाला आकडा लिहितो. निवलं की फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी उकळी आणून वाढतो. यात काही चोरवाटा नाहीत.

बेचाळीस नंबरच्या खोलीतल्या बाईंच्या चिठ्ठ्या चालूच आहेत. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण तपासायची सवय काही जात नाही. रिकाम्या वाडग्याखाली चिठ्ठी असतेच. परवा लिहिलं होतं, "मीठ योग्य. गाजराचे तुकडे असमान. सुपावर साय धरू देत नाही याबद्दल आभार." साय मी कधीच धरू देत नाही, आमच्या वस्तादांची शिस्त आहे ती. दहापैकी सात गुण दिले आहेत. आठ अजून कुणाला मिळाले नाहीत म्हणे.

बाकी ठीक. उजवा खांदा हल्ली कुरकुर करतो. सत्तावन्न झाली, कुठेतरी आवाज येणारच.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

खिडकी! तरीच. वाऱ्याचा हिशेब धरला आणि तुझे दोन महिन्यांचे आकडे माझ्या रेषेवर असे येऊन बसले की मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ चहा सांडता सांडता वाचले.

आमच्या विभागप्रमुख बाईंना मी सगळं दाखवलं. त्या सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत, पण या वेळी म्हणाल्या. पुढच्या सत्रापासून हाच तक्ता चाळीस शाळांच्या स्वयंपाकघरांत जाणार आहे. खाली माझं नाव असेल, पण नोंदी तुझ्या आहेत. आपली आई असती तर तिने अख्ख्या गल्लीला ऐकवलं असतं.

आता खांद्याचं. तू कुरकुर लिहितोस म्हणजे हात वर होत नसणार, तुला मी ओळखते. आठ दिवस रजा काढून इकडे ये. इथले हाडांचे डॉक्टर चांगले आहेत. "माझ्याशिवाय कसं होणार" हे पालुपद लावू नकोस. आता भिंतीवर तक्ता आहे. तू नसलास तरी तो तिथे असेल, आणि त्याचा खांदा दुखत नाही.

चिमणी

२ मार्च

चिमणे,

हट्टाला पेटलीस की तुझ्यापुढे कुणाचं चालतं? नऊ तारखेला निघतो. रजा मिळाली. बदलीच्या बाईला सगळं समजावलं. तक्ता, थर्मामीटर, खिडकी. तिने तीनदा मला म्हणून दाखवलं, एकदाही चुकली नाही. मलाच इतकं नीट पाठ नसेल.

बेचाळीसच्या बाईंना सांगायचं राहिलं. त्या झोपल्या होत्या.

दादा

२४ मार्च

चिमणे,

सोळा तारखेला तुझ्याकडून मी असा तडकाफडकी निघालो, "कामाचं आहे" एवढंच बोललो, याचा तुला राग आला असेल. व्यवस्थापकांचा फोन होता. तुझ्या दारात उभं राहून ते सांगायला तोंड उघडेना. आता लिहितो.

चौदा तारखेला केलेलं सूप पंधराला दुपारी वाढलं. संध्याकाळपासून माणसांच्या पोटात कळा यायला लागल्या. पहाटेपर्यंत तेवीसजण. बहुतेक दीड दिवसात उठून बसले. बेचाळीसच्या बाई उठल्या नाहीत. सतरा तारखेला सकाळी गेल्या. एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. दोन दिवसांत अंगातलं सगळं पाणी गेलं, डॉक्टरांनी शिकस्त केली.

चौकशी बसली आहे. मी लिहून दिलं आहे की चूक माझी. तक्ता बरोबर आहे. तो मी बदलीच्या बाईला नीट शिकवला नाही. रजेच्या घाईत राहिलं. सही केली आहे. सध्या कामावर येऊ नका असं सांगितलं आहे.

तुझा यात काही संबंध नाही. तू यात पडू नकोस.

दादा

२९ मार्च

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण गाजराच्या तुकड्यांवरून त्या मला ओळखीच्या झाल्या होत्या. काय लिहावं कळत नाही. फार वाईट वाटलं, एवढंच.

पण तू खोटं लिहितो आहेस. लहानपणी मी काच फोडली की तू स्वतःचं नाव पुढे करून मला पाठीशी घालायचास, तेव्हाही तुझी वाक्यं अशीच आखूड व्हायची. तिने तीनदा म्हणून दाखवलं, एकदाही चुकली नाही, हे तूच दोन तारखेला लिहिलं होतंस. ते पत्र माझ्यासमोर आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. चौदा तारखेचं नोंदवहीचं पान उतरवून पाठव. आणि दुसरं. पातेलं उतरवल्यापासून ते फ्रीजचं दार लागेपर्यंत तुझे हात काय काय करतात, ते मिनिटामिनिटाने लिही. मी मूर्ख आहे, आयुष्यात स्वयंपाकघर पाहिलेलं नाही, असं समजून लिही. "पद्धत तुला माहीत आहे" असं लिहिलंस तर पुढच्या गाडीने तिथे येईन.

चिमणी

५ एप्रिल

चिमणे,

पान उतरवून पाठवतो आहे. बघशीलच. साडेतीन तासांत सगळे आकडे हिरव्यात आहेत. बदलीच्या बाईने एकही आकडा पदरचा घातलेला नाही, मी तिला ओळखतो. तिने तक्त्याबरहुकूम केलं. आकडा हिरवा म्हणून दुसऱ्या दिवशी उकळी आणली नाही. जेवणाची घंटा झाली होती, कोमट झालं तसं वाढलं. तक्त्यात "गरम करून वाढायला हरकत नाही" एवढंच आहे ना.

आता माझे हात. पातेलं उतरवतो. तिवईवर ठेवतो. स्टूल ओढून शेजारी बसतो. भाजी निवडतो, उद्याच्या जेवणाची यादी करतो, आणि मधूनमधून लाकडी डाव घालून सूप ढवळतो. तळापासून वर, कडेकडेने. दर पाचसहा मिनिटांनी. निवेपर्यंत. वस्ताद म्हणायचे, "चुलीवरून उतरलं म्हणजे झालं असं नाही, निवेपर्यंत ते आपल्याच अंगावर असतं." साय धरली तर त्यांच्या हातचा डाव आमच्या पाठीत बसायचा. चौतीस वर्षं झाली, मला ते काम वाटतच नाही. बसल्या बसल्या पाय हलवतो तसं. तुला कधी लिहावंसं वाटलं नाही, तिला सांगावंसं वाटलं नाही. परत आल्यावर विचारलं तर ती म्हणाली, "दादा, मला वाटायचं तुम्हाला करमत नाही म्हणून ढवळता. तक्त्यात तर नव्हतं."

खांदाही त्यानेच गेला. सारखी तीच हालचाल करून झिजलाय, असं तुझे डॉक्टर म्हणाले ते आता पटतंय.

म्हणजे माझ्या लक्षात आलं आहे. तुझ्याही येईल, म्हणूनच मला हे तुला लिहायचं नव्हतं. ऐक. मी लिहून दिलं ते तसंच राहू दे. माझी दोनच वर्षं उरली आहेत, कुठेही चार पोळ्या लाटून पोट भरेन. तुझं तसं नाही. इतक्या वर्षांनी तुझ्या कामाला कुणी बरं म्हटलं. तू गुपचूप तक्त्यात एक ओळ वाढव, "दर पाच मिनिटांनी ढवळणे", आणि शाळांना पाठव. पोरांचंही भलं, तुझंही. झाकली मूठ तशीच राहू दे.

मोठा भाऊ म्हणून सांगतो आहे, विनंती समज.

दादा

१२ एप्रिल

दादा,

तुझी विनंती मी मोडली. आधी तेच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना आशा लावून बसू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पातेल्याचं गणित पुन्हा मांडलं. न ढवळलेलं पातेलं. कडेला थर्मामीटर, कडेला खिडकीचा वारा. साडेतीन तासांनी कडेचा आकडा हिरवा येतो. मधोमध त्याच वेळी सूप त्या जंतूंना सर्वांत मानवेल इतकं कोमट असतं, आणि फ्रीजमध्ये गेल्यावरही कित्येक तास तसंच राहतं. घट्ट सूप, खोल भांडं, उष्णता बाहेर पडणार कुठून? मधल्या भागात एकाचे लाखाहून जास्त झाले असणार. मग कोमटच वाढलं गेल्यावर त्यांना मारणारं काही उरलं नाही. हे सगळं मला येतं, दादा. हेच माझं काम आहे.

माझं गणित तर पहिल्याच दिवशी सांगत होतं की खोल पातेलं इतक्या लवकर निवू शकत नाही. ते बरोबर होतं. काहीतरी वेगळं घडतंय, हे त्याने मला दाखवलं होतं. मी कारण स्वतःच ठरवलं आणि तुला फक्त विचारलं, खिडकी उघडी असते का. तू खरं उत्तर दिलंस. त्याच पत्रात, चार ओळींखाली, साय धरू देत नाही हेही लिहिलं होतंस. मी ते वाचून हसले आणि पुढे गेले. तुझ्या हाताने निववलेलं सूप मी वाऱ्याच्या नावावर जमा केलं. त्यावर तुला रजा घ्यायला लावणारीही मीच.

विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता पुढे ओढून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "लिहून द्या." दिलं. तुमच्या चौकशीलाही एक प्रत पाठवली. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की तुझं निवेदन खरं नाही, बदलीच्या बाईंनी तक्ता तंतोतंत पाळला, आणि चूक तक्त्यात होती. शाळांचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. ते पुढे कुणाकडे जाईल ते जाईल. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, दोन रात्री रडले.

गुपचूप एक ओळ वाढवायला काय हरकत होती, असं तुला वाटेल. त्या चाळीस स्वयंपाकघरांत चाळीस माणसं आहेत. प्रत्येकाचं असं काहीतरी असेल, जे त्याला काम वाटतच नाही. ते मला इथे बसून कळणार नाही. तिथे जाऊन कुणीतरी उभं राहायला हवं, आणि ते का, हे सांगायचं तर बेचाळीसच्या बाईंचं सांगावंच लागतं. त्यांचा जीव गेला, दादा. त्यावर माझी मूठ मी झाकून धरायची?

रागावायचं तर रागाव. वीस तारखेला मी येते आहे. चौकशीच्या लोकांनी स्वयंपाकघरात तुला ढवळताना बघायची परवानगी दिली आहे. स्टूल माझ्यासाठीही ठेव.

चिमणी

६ मे

चिमणे,

पहिले तीन दिवस खूप रागावलो होतो. वाटलं, हिच्यासाठी आपण मान पुढे केली आणि हिने स्वतःचीच कापून घेतली. चौथ्या दिवशी राग निवला. पाचव्या दिवशी तू दारात उभी, एका हातात पिशवी, दुसऱ्यात तीन थर्मामीटर. मग कसला राग.

तू दिवसभर त्या स्टुलावर बसून होतीस. मी एकदा ढवळलं की तू एकदा लिहायचीस. मधल्या थर्मामीटरचा आकडा कडेच्याइतकाच आलेला बघून तुझे डोळे भरले तेव्हा मी मुद्दाम कांदे कापायला घेतले. लोकांनी काय समजायचं ते समजावं.

काल निकाल आला. मला आणि बदलीच्या बाईला कामावर घेतलं आहे. ती चुलीपाशी उभी राहून इतकी रडली की मला तिला बाहेर पाठवावं लागलं. नवीन फ्रीज आला, त्यात उथळ ट्रे बसतात. सूप आता चार बोटंच खोल असतं, थर्मामीटर मधोमध, आणि दुसऱ्या दिवशी रंग कोणताही असो, उकळी आल्याशिवाय एक वाडगा बाहेर जात नाही. ढवळायची गरज तशी उरलेली नाही, तरी मी डाव फिरवतो. खांदा बरा आहे.

व्यवस्थापक सांगत होते, शाळांच्या कामावर आलेली नवीन माणसं आमचं स्वयंपाकघर बघायला येणार आहेत. आधी बघायचं आणि मग आकडे, असं त्यांना वरून सांगितलं आहे म्हणे. हे कुणाच्या पत्रामुळे, ते मला माहीत आहे.

आता एक गोष्ट, जी मी तू इथे असतानाही बोललो नाही. परवा भांड्यांचं कपाट झाडताना फडक्यांखाली एक चिठ्ठी सापडली. उष्टी भांडी उचलणाऱ्या बाईने पंधरा मार्चला वाडग्याखालून काढून ठेवली आणि गडबडीत विसरली. अक्षर बेचाळीसच्या बाईंचं. तुझ्यासाठी जशीच्या तशी उतरवतो.

"आज सूप कोमट आले. वर साय होती. आचारी रजेवर आहेत का? त्यांची प्रकृती बरी आहे ना, कळवावे."

वाडगा संपवलेला होता. ताटात काही टाकणं त्यांना आवडायचं नाही.

तू आणि मी दोघांनी मिळून महिना घातला, आणि त्यांना ते पहिल्या चमच्याला कळलं होतं. आजवर त्यांच्या एकाही चिठ्ठीला मी उत्तर दिलं नाही. सही करायचो, खिळ्याला टोचायचो. या चिठ्ठीला द्यायचं आहे, आणि आता कुणाच्या हाती द्यायचं? म्हणून इथेच लिहितो, तू वाच.

होय बाई, रजेवर होतो. प्रकृती बरी आहे.

दादा